ड्रायव्हरशेजारची जागा

मागची सीट ज्या दिवशी निघाली, त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की या गाडीत आता दोघांनाच बसता येणार.

चार बोल्ट होते. शेडवाल्या चौदापंधराने तीन सहज काढले. चौथा गंजून बसला होता. त्याच्यावर डिझेल सोडून तो दहा मिनिटं थांबला, मग पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाइप चढवून त्याने एकच हिसडा दिला. बोल्ट सुटला. त्याने आणि आमच्या हिने मिळून सीट उचलली आणि शेडच्या भिंतीला टेकवून ठेवली.

"इथे पाण्याचा ड्रम, इथे जादा चाक, इथे हत्यारांची पेटी," असं म्हणत ही मोकळ्या झालेल्या पत्र्यावर खडूने चौकोन आखू लागली. मी दाराजवळच्या खुर्चीवर बसून बघत होतो. तीन चौकोन झाले आणि जागा संपली.

"आणि मी?" असं विचारायचं अगदी तोंडाशी आलं होतं. पण आयुष्यभर जे प्रश्न तोंडाशी आले ते तिथेच राहिले, त्यात हा आणखी एक.

आमची ही एकतीस वर्षं भूजल खात्यात होती. रानोमाळ विखुरलेल्या निरीक्षण विहिरींत मोजपट्टी सोडायची, पाणी किती खोल गेलं ते वहीत टिपायचं, ही तिची नोकरी. या एकतीस वर्षांत ती ज्या गाडीतून हिंडली ती ही गाडी. चारही चाकांना जोर पोचणारी, डोंगरात चढणारी, पण चालवायला खात्याचा ड्रायव्हर. ही कायम शेजारच्या सीटवर. "एकदा मला द्या ना," असं हिने म्हणावं आणि ड्रायव्हरने "नियमात बसत नाही, मॅडम," असं म्हणावं, असं कित्येकदा झालं म्हणे. हिच्या निवृत्तीनंतर दोन वर्षांनी गाडी भंगारात निघाली आणि लिलावात हिने ती घेतली. मला घरी आल्यावर सांगितलं. मी "बरं" म्हणालो.

तो ड्रायव्हर म्हणजेच चौदापंधरा. खिशात सतत चौदा-पंधरा नंबरचा पाना असतो म्हणून खात्यात त्याला हे नाव पडलं आणि त्याला ते आवडतं. तोही निवृत्त झाला होता आणि घरामागच्या शेडमध्ये लोकांच्या गाड्या दुरुस्त करत होता. गाडी सरळ त्याच्या शेडमध्ये गेली. आणि गाडीमागोमाग आमची ही.

मी एका छापखान्यात प्रूफं तपासायचो. गाडी चालवता येत नाही. हिच्या फिरतीवर मी एकदाही गेलो नाही. कोणी बोलावलं नाही आणि मी म्हणालो नाही. संध्याकाळी धुळीने माखून ही घरी यायची, आणि जेवता जेवता मध्येच स्वतःशी हसायची. "काय झालं?" म्हटलं की "काही नाही हो, तुम्हाला नाही कळायचं, तिथे असायला पाहिजे," असं उत्तर. तिथे कोण असायचं ते मला माहीत होतं.

गाडी तयार करायची होती ती बारा नंबरच्या विहिरीसाठी. ही विहीर दगडी पठारावर आहे. तिकडे जाणारा रस्ता एका पुरात वाहून गेला, नदीच्या पात्रात घराएवढे धोंडे येऊन पडले, आणि खात्याने बारा नंबर यादीतून काढून टाकली. हिच्या वहीत वीस वर्षांच्या ओळीनंतर अकरा वर्षांचं कोरं पान. "एकदा जाऊन मोजून यायचंय," ही म्हणायची. "स्वतः चालवत." कोणाला बरोबर घेणार ते म्हणायची नाही.

दोन महिने रोज हेच. सकाळी नऊला ही जुना शर्ट घालून निघायची आणि मी मागोमाग. बोलावलं म्हणून नव्हे, घरात बसवत नव्हतं म्हणून.

"या, या, साहेब!" चौदापंधरा म्हणायचा आणि फडक्याने खुर्ची पुसून द्यायचा. मी जन्मात कोणाचा साहेब नव्हतो. त्याच्या तोंडून तो शब्द ऐकला की वाटायचं, हा मला मोठेपणा देऊन दाराशी बसवून ठेवतोय. कदाचित तसं नसेलही. माणसांच्या बाबतीत माझे अंदाज फार चुकतात.

गाडीखाली दोघं शेजारी शेजारी उताणी पडायची. बाहेर चार पाय दिसायचे, दोन त्याचे, दोन हिचे.

"सतरा द्या, मॅडम."

"सतरा की एकोणीस? मागच्या वेळी सतरा म्हणालात आणि एकोणीस लागला."

"तेव्हा चष्मा नव्हता."

"आता तरी कुठे आहे?"

मग हसणं. मग कुणीतरी म्हणायचं, "बारा नंबर!" की आणखी जोरात हसणं, गाडी हलेपर्यंत. बारा नंबरवर कधीतरी काहीतरी झालं होतं. काय, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर हिने सांगितलं असतं, आणि मग मला हसावं लागलं असतं.

मेहुणीचा फोन आला की ती पहिल्यांदा हेच विचारायची, "काय भावोजी, ताई घरी सापडते का अलीकडे?"

"गॅरेजमध्ये असते."

"सांभाळा हं! एवढं प्रेम तिने तुमच्या एका तरी पुस्तकावर केलं होतं का?" आणि ती खो खो हसायची. तिची थट्टा, माझ्या पोटात दुखायचं. चौसष्टाव्या वर्षी बायको ग्रीस लागलेल्या हातांनी आनंदात आहे, यात दुखण्यासारखं काय आहे? काहीच नाही. तरी दुखायचं.

मला करण्यासारखं एकच काम तिथे होतं. लिलावात गाडीबरोबर तिचं जुनं माहितीपुस्तक मिळालं होतं, चारशे पानांचं, तेलाने पारदर्शक झालेलं. चौदापंधराने ते कधी उघडलं नव्हतं. "आम्हाला गाडी पाठ आहे, साहेब." मी ते उघडलं आणि पहिल्या पानापासून वाचायला लागलो. हिला काही अडलं तर सांगता येईल, अशी आशा होती. हिला काही अडायचं नाही. अडलं तर शेजारी दुसरा होता.

गाडी उंच करायचं काम एका शनिवारी पुरं झालं. चाकांचे धक्के झेलणारे जुने कमानपाटे काढून जाड, जास्त वाकाचे पाटे बसवले. लांब शॉकॲब्सॉर्बर आले. गाडी वीतभर वर उचलली गेली आणि तिच्या पोटाखालून वारा वाहू लागला. ही तिच्याभोवती तीन फेऱ्या मारून आली.

"कशी दिसते?" हिने विचारलं. मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात चौदापंधरा म्हणाला, "नवरीसारखी!" आणि माझं उत्तर बारगळलं.

रविवारी ती दोघं रुंद, खोल खाचांचे टायर बघायला गेली. मी शेड राखायला. म्हणजे असं कोणी म्हणालं नाही, पण मी तिथे होतो आणि शेड उघडी होती. मी पुस्तक उघडलं. ब्रेकच्या प्रकरणात एका चित्राखाली बारीक टाइपात ओळ होती: पाटे बदलल्यास गाडीच्या सांगाड्याकडून मागच्या आसाकडे जाणारी ब्रेकची रबरी नळी पुरेशी लांब आहे याची खात्री करावी. चित्रात ती नळी ढिली होती, चांगली लोंबणारी.

मी विजेरी घेऊन गाडीखाली वाकलो. गुडघे दुखले. मागची नळी जुनीच होती. लोंबत नव्हती, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी सरळ झाली होती. गाडी सपाट जमिनीवर उभी असताना ही गत. खडकावर एक चाक वर आणि दुसरं खड्ड्यात अधांतरी लोंबलं, की आस आणखी हातभर खाली जाणार आणि नळी ताणून तुटणार. दोन पानं पुढे हेही होतं की या गाडीत चारही चाकांना मिळून तेलाची एकच वाट आहे. एक नळी फुटली की कुठल्याच चाकाला ब्रेक नाही.

खुर्चीवर येऊन बसलो तेव्हा छातीत धडधडत होतं. आणि आता खरं ते लिहायला हवं: ती धडधड भीतीची नव्हती. आनंदाची होती. चौदापंधरा चुकला होता. ज्याला गाडी पाठ होती तो चुकला होता, आणि ते मला सापडलं होतं.

दोघं टायर ठरवून आली. "बुधवारपर्यंत येतील," ही म्हणाली. "रविवारी जुन्या दगडखाणीत चाचणी. आधी चौदापंधरा चालवतील, मग मी. आणि ठीक असलं तर पुढच्या रविवारी बारा नंबर!"

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोललो नाही. छापखान्यात आमची एक रीत होती: संपूर्ण प्रूफ वाचून झाल्याशिवाय चूक सांगायची नाही. मध्येच उठून खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला सांगायला गेलं की त्याचा हात थांबतो, म्हणून सगळ्या चुका वेगळ्या चिठ्ठीवर लिहून शेवटी द्यायच्या. अडतीस वर्षं मी तसंच केलं. मोठी चूक असली की ती चिठ्ठीत सर्वांत खाली लिहायची आणि संपादक वाचत खाली येईपर्यंत शांत उभं राहायचं, हे मात्र रीतीत नव्हतं. ते माझं होतं.

मनात मी सगळं ठरवून टाकलं. रविवारी खाणीत, चौदापंधरा स्टिअरिंगमागे बसला, ही बाहेर उभी राहिली, की मी पुढे व्हायचं. "जरा थांबा. मागची नळी बघितलीत का?" एवढंच, हळू आवाजात. मग ही माझ्याकडे बघेल. हे वाक्य मी आंघोळ करताना म्हणून बघितलं, झोपण्यापूर्वी म्हणून बघितलं. एकदोनदा असंही मनात आलं की त्याला थोडं पुढे जाऊ द्यावं. सपाटीवर, खडीच्या ढिगाऱ्याला हळूच धडक बसावी, कोणाला खरचटूही नये, फक्त त्याचं तोंड उतरावं. हा विचार मी लगेच झटकायचो. पण झटकण्यापूर्वी थोडा वेळ बघत बसायचो.

सोमवार, मंगळवार, बुधवार मी त्यांच्याबरोबर खुर्चीवर बसून काढले. इतका शांत मी दोन महिन्यांत बसलो नव्हतो. "साहेब आज खुशीत दिसतात," चौदापंधरा म्हणालासुद्धा.

गुरुवारी सकाळी मला दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. ही आधीच निघाली होती. अकराच्या सुमारास मी शेडपाशी पोचलो तर शटर खाली. शेजारची शिवणकाम करणारी बाई म्हणाली, "ते दोघं गेले ना खाणीत. टायर काल संध्याकाळी तुम्ही गेल्यावर चढवले. बाईंना धीर नव्हता."

तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते मी कितीदा वाचलं आणि तपासलं असेल. त्या दिवशी जीभ खरोखरच टाळ्याला चिकटली. फोन लावला. हिचा लागेना, खाणीत रेंज नसते. त्याचा लावला, तोही नाही. मी रस्त्याच्या मधोमध उभं राहून टॅक्सी थांबवली. ड्रायव्हरने शिवी घातली ती योग्यच होती.

"जुनी दगडखाण. लवकर."

"तिथे काय आहे आजोबा?"

"बायको," मी म्हणालो. त्याने मग गाडी जोरात नेली.

खाणीच्या तोंडाशी उतरलो आणि पळालो. पळालो हे माझ्या मानाने. कुणी बघितलं असतं तर चालतोय म्हणाला असता. खाली खड्ड्यात दगडांचा उंचवटा होता आणि त्याच्या टोकावर गाडी उभी होती, तिरकी. पुढचं डावं चाक वर चढलेलं, मागचं उजवं हवेत लोंबतंय, हळूहळू फिरतंय. समोर उतार. चौदापंधरा उताराच्या पायथ्याशी उभा राहून दोन्ही हातांनी "या, या" अशी खूण करत होता. आणि स्टिअरिंगमागे ही होती.

मी आयुष्यात कधी ओरडलो नाही. पोटच्या मुलीवरही नाही. त्या दिवशी माझ्या घशातून जो आवाज निघाला तो खाणीच्या तिन्ही भिंतींवर आपटून परत आला.

"अगं थांब! हँडब्रेक! हँडब्रेक ओढ!"

हिचं डोकं वळलं. मला बघून हिला काय वाटलं असेल देव जाणे, पण एकतीस वर्षं खात्याने जिथे सांगितलं तिथे तिने मोजपट्टी सोडली होती. सांगितलेलं ऐकण्याची तिला सवय आहे. तिने हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद केलं. हँडब्रेकची तार वेगळी असते. गाडी थांबली. जागच्या जागी थोडी डुलली आणि थांबली.

"काय झालं, साहेब?" चौदापंधरा धावत वर आला.

"मागची नळी," मी म्हणालो. हळू आवाजात नाही. आवाजच उरला नव्हता. "ब्रेकची. बघा."

तो चाकांना दगड लावून गाडीखाली सरकला. नळीला हात लावून बघितलं. मग बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता आणि बोटांच्या टोकांना तेल होतं.

"ताणून तार झालीय," तो हिला म्हणाला. "टोकाशी पाझरायला लागलंय, मॅडम. उतारावर पाय दाबला असतात ना..." त्याने वाक्य सोडून दिलं. "माझी चूक. जन्मभर गाड्या होत्या तशा करून दिल्या. वाढवली कधी नव्हती. माझ्या डोक्यातच आलं नाही." मग त्याने माझे दोन्ही हात धरले. "साहेब, तुम्ही नसता तर."

ही गाडीतून उतरून माझ्यासमोर आली. माझ्या शर्टाचं एक बटण सुटलं होतं, ते हिने लावलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"पुस्तकात आहे," मी म्हणालो. आणि लगेच पुढे, कोणी विचारलं नव्हतं तरी, "आज सकाळीच वाचलं."

"मॅडम, मी एक सांगतो," चौदापंधरा म्हणाला. "बारा नंबरला साहेबांनाच घेऊन जा. शेजारी असं माणूस पाहिजे. मी काय, ब्रेक विसरणारा."

हिने माझ्याकडे बघितलं. जसं बघावं असं मी चार दिवस मनात आखलं होतं, अगदी तसंच. "येणार?" हिने विचारलं. "घाबरणार नाही ना?"

"नाही," मी म्हणालो.

परत येताना मी शेजारच्या सीटवर बसलो. गाडी सपाट रस्त्याने, हँडब्रेकच्या भरवशावर, पायी चालल्यासारखी हळू चालली होती. चौदापंधरा मागे मोकळ्या पत्र्यावर बसला. पुढच्या सीटवरून रस्ता किती वेगळा दिसतो हे मला माहीत नव्हतं. सगळं खाली, झाडांच्या फांद्या डोळ्यांसमोर. हिचा हात गिअरवर होता आणि गिअर बदलताना माझ्या गुडघ्याला लागत होता. "हा बघा, हा छोटा दांडा खाली ओढला की चारही चाकं लागतात," ही मला समजावून सांगत होती. मला! गाडी खड्ड्यात गेली की मागे चौदापंधराचं डोकं बाजूच्या पत्र्याला आपटल्याचा आवाज यायचा. तो "आई गं" म्हणायचा नाही. एरवी म्हणाला असता आणि ही हसली असती. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं आणि तोंड कडू होतं.

संध्याकाळी ही जेवणाच्या टेबलाशी बसून वहीत काहीतरी लिहीत होती. नवी नळी किती लांब हवी त्याचा हिशेब असावा.

"अहो, पुस्तकात लांबी दिली आहे का?" हिने विचारलं. मग तिचं पेन थांबलं. हिचा स्वभाव मोजणाऱ्याचा. आकडा जुळला नाही की हात थांबतो. "पण पुस्तक तर रविवारपासून गाडीतच होतं. पेटीखाली. आज सकाळी कुठे वाचलंत?"

यात संशय नव्हता. साधा प्रश्न होता. मला दहा उत्तरं सुचली. आधी वाचलं होतं, आज आठवलं. हे तर अगदी खरं वाटण्यासारखं होतं.

"रविवारी वाचलं," मी म्हणालो.

"या रविवारी?"

"हो. तुम्ही टायर बघायला गेलात तेव्हा. खाली वाकून बघितलंही."

हिने पेनाला टोपण लावलं. "चार दिवस."

"मी चाचणीच्या आधी सांगणार होतो. सगळ्यांसमोर."

"सगळे म्हणजे कोण हो? मी आणि तो."

मी टेबलावरचा मिठाचा डबा सरळ केला.

"आज मी आत होते."

"तू आत असशील असं मला वाटलं नव्हतं," मी म्हणालो. "आधी तो चालवणार, असं ठरलं होतं."

हे मी स्वतःच्या बचावासाठी म्हणालो. उच्चारल्यावर मला ते ऐकू आलं.

"म्हणजे तो असता तर चाललं असतं," ही म्हणाली.

ती उठली आणि सिंकमधली दोन भांडी घासू लागली. ती घासलेलीच होती. पाठमोरी, पाण्याच्या आवाजात म्हणाली, "त्याला तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."

शुक्रवारी सकाळी मी एकटा शेडमध्ये गेलो. चौदापंधराने नवी, लांब नळी बसवली होती आणि आता ब्रेकमधली हवा काढायची होती. या कामाला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने खाली चाकाजवळची छोटी निपल उघडून हवा जाऊ द्यायची आणि परत आवळायची.

"बरं झालं आलात, साहेब. बसा वर. मी सांगेन तसं करा. निपल उघडी असताना पाय उचलू नका, नाहीतर हवा परत आत येते आणि सगळं पहिल्यापासून."

मी स्टिअरिंगमागे बसलो, जन्मात पहिल्यांदा. तो उजव्या मागच्या चाकापाशी आडवा झाला. त्याचा चेहरा दिसत नव्हता. बोलायला हीच वेळ बरी, असं वाटलं.

"दाबा," खालून आवाज आला. "सोडा. दाबा. सोडा. दाबा. धरा."

मी धरलं. पेडल पायाखालून हळूहळू खाली गेलं आणि तळाला टेकलं.

"मला रविवारपासून माहीत होतं," मी म्हणालो. "नळीचं. मी बोललो नाही. तुम्ही चालवणार होतात म्हणून."

खालून काही आलं नाही. मी वाट बघत होतो की तो निपल आवळेल आणि "सोडा" म्हणेल. तो म्हणाला नाही. पाय उचलता येत नव्हता. पोटरी थरथरू लागली, मग मांडी. मी दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला. शेडच्या पत्र्यावर पक्षी चालत होते, त्यांच्या नखांचा आवाज येत होता. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मला तो खूप वाटला, आणि तो तितका असायलाच हवा होता.

"सोडा," तो म्हणाला.

मग बाहेर आला. फडक्याने एक एक बोट पुसलं.

"मॅडमना माहीत आहे?"

"हो. काल सांगितलं."

"मग मला कशाला सांगितलंत?"

"ती म्हणाली, मीच सांगायचं."

"त्या म्हणाल्या नसत्या तर?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

त्याने मान हलवली, भाव करताना एखाद्याने खरी किंमत सांगितल्यावर हलवतात तशी. "मी विसरलो," तो म्हणाला. "तुम्ही विसरला नव्हतात." 'साहेब' म्हणाला नाही. खुर्चीही पुसली नाही. फडकं खांद्यावर टाकून दुसऱ्या चाकाकडे गेला. "तीन चाकं राहिलीत. बसा वर."

तिन्ही चाकं आम्ही केली. दाबा, सोडा, दाबा, धरा, याखेरीज एक शब्द नाही.

त्या रविवारी खाणीत पुन्हा चाचणी झाली. मी गेलो नाही. पुढच्या शनिवारी ही कपाटातून जाड मोजे काढत म्हणाली, "उद्या मी त्याला घेऊन जाते."

"बरं."

"का, ते विचारत नाही?"

"कळतंय."

"कळतंय तर ठीक," ही म्हणाली, आणि मोज्यांची घडी करून पिशवीत ठेवली. रागाने नाही. नोंद करावी तशी.

ती दोघं पहाटे निघाली. चौदापंधरा माझ्याकडे बघून मानेने नमस्कार केल्यासारखं करून शेजारच्या सीटवर बसला, पट्टा लावला. मी गाडी वळणाआड जाईपर्यंत फाटकाशी उभा होतो. घरात येऊन एक पुस्तक घेतलं, ठेवलं. नदीचं पात्र आलं असेल. आता तो उतरून खुणा करत असेल. आता त्याने काहीतरी म्हटलं असेल आणि ही हसली असेल. दुपारी माझ्या मनात आलं, एखादं चाक पंक्चर व्हावं, नुसतं पंक्चर, सपाट जागी, म्हणजे लवकर परत येतील. मग माझी मलाच इतकी लाज वाटली की मी उठून सगळ्या खिडक्या पुसल्या.

चारच्या सुमारास फोन वाजला.

"पोचलो!" हिचा आवाज वाऱ्यात फाटत होता. "ऐकू येतंय का? सापडली विहीर. झाकण गंजलंय, पण सापडली. एकवीस मीटर चाळीस! अकरा वर्षांपूर्वी अठरा होतं. आणि गाडी, अहो, गाडी बकरीसारखी चढली!"

"एकवीस चाळीस," मी म्हणालो. मागे चौदापंधरा काहीतरी बोलला, ही त्याला "थांबा हो" म्हणाली.

"तुम्ही जेवलात का?"

"हो" म्हणायला काहीच हरकत नव्हती. मी जेवलो नव्हतो, पण तसं नेहमीच म्हणतो.

"नाही," मी म्हणालो. "अगं, ऐक. मला हेवा वाटतोय. त्याचा. तो तिथे आहे म्हणून. आजच नाही, पहिल्यापासून वाटतो."

पलीकडे नुसता वारा.

"काय म्हणालात? आवाज तुटतोय. पुन्हा बोला."

मी खिडकीशी गेलो, तिथे रेंज जरा बरी असते. खाली दोन माणसं एक कपाट हातगाडीवर चढवत होती.

"पुन्हा बोला, मोठ्याने," ही म्हणाली.

मी पुन्हा बोललो. खालच्या दोघांनी कपाट तसंच धरून वर बघितलं, इतक्या मोठ्याने.